कर्ता, करण आणि संबोधन : विकासविषयक विद्वत्ग्रंथांतील स्त्री

१

विद्वत्ग्रंथातील विधाने खरी आहेत की नाहीत, हा प्रश्न ज्ञानशास्त्राच्या कक्षेत येतो आणि त्याचा निर्णय करण्याच्या रीती प्रत्येक ज्ञानशाखेने आपापल्या परीने घडवलेल्या आहेत. परंतु ही विधाने ज्या माणसांविषयी केली जातात, त्यांचे तो ग्रंथ काही देणे लागतो काय, हा प्रश्न मात्र बहुधा प्रस्तावनेतील ऋणनिर्देशापाशी संपतो. ‘ज्या असंख्य स्त्रियांनी आपले अनुभव मोकळेपणाने सांगितले त्यांचे आभार’ अशा आशयाचे एखादे वाक्य येते आणि ग्रंथ पुढे सरकतो. राजकारण, आंतरराष्ट्रीय विकास आणि लिंगभाव या तीन विषयांच्या संधिस्थानी १९७० नंतर जे विपुल ग्रंथलेखन झाले, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. आफ्रिका, आशिया अथवा लॅटिन अमेरिकेतील गरीब स्त्री हे या ग्रंथांचे मध्यवर्ती पात्र. तिचे आयुष्य हा त्यांचा पुरावा. त्या पुराव्यावर पदव्या, अध्यासने, धोरणे आणि निधी उभे राहतात. ती स्वतः हे ग्रंथ वाचण्याची शक्यता मात्र फारच थोडी असते.

या प्रश्नाचा विचार समाजशास्त्रज्ञांवर सोपवून साहित्याभ्यासकाने मोकळे व्हावे असे नाही. निवेदक कोण, पात्र कोण, संहिता कोणाला उद्देशून बोलते, हे साहित्यविचाराचे मूलभूत प्रश्न आहेत आणि ते कादंबरीला जितके लागू पडतात तितकेच अहवालाला आणि प्रबंधालाही लागू पडतात. किंबहुना कादंबरीतील पात्र काल्पनिक असल्याने कादंबरीकाराची त्याच्याविषयीची जबाबदारी मर्यादित असते. प्रबंधातील ‘पात्र’ मात्र श्वासोच्छ्वास करीत असते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे व्याकरणातील कारकविचाराचा आधार घेता येईल. वाक्यातील नामाचा क्रियापदाशी जो संबंध असतो, त्यास कारक म्हणतात. क्रिया करणारा तो कर्ता. जिच्या साहाय्याने क्रिया घडते ती वस्तू म्हणजे करण. ज्याला काही दिले जाते ते संप्रदान. क्रिया जेथे घडते ते अधिकरण. एखाद्या ग्रंथात स्त्री कोणत्या कारकात वारंवार येते हे पाहिले, तर ग्रंथाची नैतिक भूमिका त्याच्या प्रास्ताविकातील घोषणांपेक्षा अधिक नेमकेपणाने ध्यानात येते.

२

या ज्ञानक्षेत्राचा आरंभ सामान्यतः एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ विदुषीच्या ‘वुमन्स रोल इन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ (१९७०) या ग्रंथापासून मानला जातो. बोसरप यांचे प्रतिपादन नियोजनकारांच्या रूढ समजुतींना धक्का देणारे होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील प्रदेशांत, जेथे कुदळीने फिरती शेती केली जाई, तेथे शेतीतील बहुतांश श्रम स्त्रियांचे होते. वसाहतवादी प्रशासकांनी मात्र शेती हे पुरुषाचे काम असा युरोपीय संकेत गृहीत धरला आणि नवे तंत्र, प्रशिक्षण, नगदी पिके पुरुषांच्या हाती दिली. परिणामी विकासाच्या प्रक्रियेनेच स्त्रीचे स्थान खालावले. बोसरप यांच्या ग्रंथात स्त्री निःसंशय कर्ता आहे : ती खणते, पेरते, कापणी करते, बाजारात विकते. नियोजनाच्या वहीत मात्र या क्रियापदांची नोंद नाही, ही त्यांची तक्रार होती.

पुढील काळात या तक्रारीचे जे झाले ते उद्बोधक आहे. १९७३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र साहाय्यविषयक कायद्यात पर्सी दुरुस्ती होऊन मदत-कार्यक्रमांत स्त्रियांचा समावेश करणे आवश्यक ठरले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले, मेक्सिको शहरात जागतिक परिषद भरली आणि १९७६ ते १९८५ हे दशक स्त्रियांसाठी घोषित झाले. बोसरप यांचा निष्कर्ष ‘स्त्रियांना विकासात सामावून घ्या’ अशा सूत्रात रूपांतरित झाला. लूर्देस बेनेरिया आणि गीता सेन यांनी १९८१ मध्ये बोसरप यांचे पुनर्वाचन करताना नेमके याच सूत्रावर बोट ठेवले. स्त्रिया विकासाच्या बाहेर राहिलेल्या नाहीत. भांडवलसंचयाच्या प्रक्रियेत त्या आधीपासूनच आहेत, मात्र दुय्यम अटींवर आहेत, आणि घरातील पुनरुत्पादनाचे श्रम लक्षात घेतल्याशिवाय त्या अटी दिसू शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

कॅरोलाइन मोझर यांनी १९८९ साली विकासधोरणांच्या दृष्टिकोनांचे कल्याण, समता, दारिद्र्यनिवारण, कार्यक्षमता आणि सक्षमीकरण असे वर्गीकरण केले. कारकविचाराच्या भाषेत सांगायचे, तर कल्याणवादी दृष्टिकोनात स्त्री संप्रदानात असते : तिला सकस आहार, तिला कुटुंबनियोजनाची साधने, तिला शिवणयंत्र. कार्यक्षमतेच्या दृष्टिकोनात ती करण होते : तिच्या श्रमाने उत्पादन वाढते, तिच्या शिक्षणाने जननदर घटतो, तिच्या काटकसरीने कर्जाची परतफेड होते. ही विधाने खोटी आहेत असे नव्हे. स्त्रीशिक्षण आणि घटता जननदर यांचा संबंध अनेक अभ्यासांनी दाखवला आहे. परंतु ज्या वाक्यात स्त्रीचे शिक्षण हे जननदर घटवण्याचे साधन म्हणून येते, त्या वाक्यात जननदर घटणार नसेल तर तिला शिकवावे की नाही, हा प्रश्न नकळत खुला राहतो. जागतिक बँकेने २००६ मध्ये लिंगभाव समतेला ‘शहाणे अर्थकारण’ म्हणून पुरस्कारले, तेव्हा समता हे साध्य आहे की गुंतवणुकीचा मार्ग, ही संदिग्धता एका घोषणेतच स्थिरावली. इमॅन्युएल कांटच्या नीतिविचारातील, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, हे तत्त्व येथे वाक्यरचनेच्या पातळीवरच मोडते.

मराठी अहवालांची भाषा पाहिली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘महिलांना कर्ज देण्यात आले’, ‘जाणीवजागृती करण्यात आली’ या वाक्यांत स्त्री संप्रदानात असते किंवा अनुपस्थित असते. त्याचबरोबर देणारा आणि जागृती करणाराही अदृश्य असतो. सत्तेचा कर्ता जेव्हा वाक्यातून निघून जातो, तेव्हा त्याला जाब विचारण्याची जागाही नाहीशी होते.

जमिनीचा प्रश्न या संदर्भात बोलका आहे. बीना अगरवाल यांच्या ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ (१९९४) या ग्रंथाने दक्षिण आशियातील स्त्रीच्या दुय्यमत्वाचे मूळ तिच्या नावावर जमीन नसण्यात शोधले. बिहारमधील बोधगया येथे मठाच्या जमीनदारीविरुद्धच्या आंदोलनात स्त्रियांनी जमीन स्वतःच्या नावावर मागितली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी काही गावांत ती मिळवली. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात पतीने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावयाची होती. दोन्ही ठिकाणी जमीन स्त्रीच्या नावे झाली, आणि ज्या घरांत ती झाली त्या घरांतील स्त्रीच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. तरीही एका ठिकाणी तिने जमीन घेतली आणि दुसऱ्या ठिकाणी तिला ती मिळाली. हा भेद नोंदवणे हे अभ्यासकाचे काम आहे. सातबाऱ्यावर तो दिसत नाही.

३

चंद्रा तळपदे मोहंती या मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या विदुषीने १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘अंडर वेस्टर्न आइज’ हा निबंध लिहिला. लंडनच्या झेड प्रेसने प्रकाशित केलेल्या, तिसऱ्या जगातील स्त्रियांविषयीच्या ग्रंथांचे त्यात बारकाईने वाचन केलेले आहे. मोहंती यांचा आक्षेप असा, की या ग्रंथांत ‘स्त्रिया’ हा एकजिनसी, सत्ताहीन गट विश्लेषणाच्या आधीच तयार असतो. हिंसाचाराच्या बळी, कुटुंबव्यवस्थेच्या बळी, धर्माच्या बळी, विकासप्रक्रियेच्या बळी अशी तिची रूपे बदलतात. बळीपण बदलत नाही. या चित्राच्या विरोधात, न बोलता, एक दुसरे चित्र उभे राहते : सुशिक्षित, आधुनिक, स्वतःच्या देहावर आणि निर्णयांवर ताबा असलेल्या पाश्चात्त्य स्त्रीचे. म्हणजे पीडितेविषयीची करुणा ही अभ्यासकाच्या स्वप्रतिमेची बैठक ठरते.

ही टीका वर्णनमात्राला लागू होत नाही, हे मोहंती यांनीच एका उदाहरणाने दाखवले आहे. मारिया मीस यांचा ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ (१९८२) हा ग्रंथ आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील स्त्रियांचा अभ्यास आहे. या स्त्रिया घरात बसून क्रोशाने लेस विणतात आणि ती लेस युरोपच्या बाजारात जाते. ही कला तेथे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आणली. व्यापारी पुरुष आहेत. विणणाऱ्या स्त्रिया मात्र ‘गृहिणी’ आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग असे मानले जाते. मीस यांनी दाखवले की ‘गृहिणी’ हे नाव हाच या शोषणाचा आधार आहे. त्या नावामुळे मजुरी अल्प ठेवता येते, आणि कुलीनतेच्या कल्पनेमुळे स्त्रिया ते नाव स्वतःही धरून ठेवतात. येथे स्त्री बळी आहे, पण केवळ बळी नाही. तिची प्रतिष्ठेची कल्पना, तिची जात, तिचे हिशेब हे सर्व विश्लेषणात आले आहे. विशिष्ट स्थळकाळाशी निष्ठा राखली की स्त्री आपोआप अधिकरणातून, म्हणजे ‘जिच्या ठिकाणी दारिद्र्य आढळते’ अशा स्थानातून, बाहेर पडू लागते.

४

मग स्त्रीने स्वतः बोलावे, प्रथमपुरुषी बोलावे, हा या प्रश्नावरचा सरळ उपाय नव्हे काय? या उपायाचा इतिहास आशादायक आहे आणि गुंतागुंतीचाही. दोमितिला बारिओस दे चुंगारा ही बोलिव्हियातील ‘सिग्लो व्हेइंते’ या कथिलाच्या खाणीतील कामगाराची पत्नी आणि तेथील गृहिणी समितीची नेती. १९७५ साली मेक्सिको शहरातील परिषदेच्या बरोबरीने भरलेल्या बिगरसरकारी व्यासपीठावर तिने श्रीमंत देशांतील आणि आपल्याच खंडातील सुखवस्तू स्त्रियांना तोंडावर विचारले, की तुमचे आणि आमचे आयुष्य सारखे आहे काय. तिचे निवेदन मोएमा व्हिएझ्झेर या ब्राझीलच्या विदुषीने शब्दबद्ध केले आणि ते १९७७ मध्ये स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाले. मूळ शीर्षकाचा आशय ‘मला बोलू दिलेत तर’ असा आहे. इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘मला बोलू द्या!’ असे आज्ञार्थी रूप झाले. मूळ शीर्षकातील अट बोलण्याची परवानगी कोणाच्या हाती आहे हे सांगून टाकते. आज्ञार्थात तो उपरोध हरपतो. भाषांतराने आवाज मोठा केला आणि प्रश्न लहान केला.

ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांचे १९८३ मधील आत्मनिवेदनही असेच ध्वनिमुद्रणावरून एलिझाबेथ बुर्गोस यांनी सिद्ध केले. मेंचू यांना १९९२ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पुढे १९९९ मध्ये डेव्हिड स्टॉल या मानववंशशास्त्रज्ञाने त्यातील काही घटना तशा घडल्या नसल्याचा दावा केला. मेंचू यांनी आरंभीच ही आपल्या साऱ्या लोकांची कहाणी असल्याचे म्हटले होते. एका व्यक्तीच्या ‘मी’मध्ये समूहाचा ‘आम्ही’ मिसळतो, तेव्हा सत्याची कसोटी कोणती लावायची, हा वाद आजही मिटलेला नाही. एवढे निश्चित, की प्रथमपुरुष म्हणजे मध्यस्थाविना लाभलेले सत्य नव्हे.

मराठीत या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा गावोगाव शोध घेऊन सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या, स्त्री शक्ती संघटनेने संकलित केलेल्या मौखिक इतिहासाची इंग्रजी आवृत्ती त्याच वर्षी निघाली आणि तिच्याही शीर्षकात इतिहास घडवण्याचाच उल्लेख आहे. मराठी शीर्षक व्याकरणदृष्ट्या कर्मणी प्रयोगाचे आहे. क्रियापद ‘इतिहास’ या कर्माप्रमाणे चालते, तरी कर्ता वाक्याच्या अग्रभागी उभा आहे आणि ‘ही’ या अव्ययाने त्याने आपल्यावरील अन्यायाची नोंद केली आहे. शोधणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच चळवळीच्या असल्याने येथे ‘आम्ही’ हा उसना घेतलेला नाही.

तथापि या उत्तरातून एक नवे कोडे निर्माण होते. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची तात्त्विक आवश्यकता मांडली. पुढे २००२ मध्ये त्यांनी भारतीय समाजशास्त्रांतील श्रेणीबद्धतेवर टीका केली. सिद्धान्त मांडण्याचा अधिकार काहींकडे आणि अनुभव पुरवण्याचे काम इतरांकडे, अशी श्रमविभागणी ज्ञानव्यवहारातही जातीची पुनरावृत्ती करते, असा त्या टीकेचा रोख आहे. स्त्रीने केवळ ‘अनुभव’ सांगावा आणि अभ्यासकाने त्याला ‘अर्थ’ द्यावा, एवढीच वाटणी होणार असेल, तर प्रथमपुरुषही अखेर कच्चा मालच ठरतो. शर्मिला रेगे यांनी २००६ मधील ग्रंथात मराठी दलित स्त्रियांची आत्मकथने दुःखाचे दस्तऐवज म्हणून न वाचता सामाजिक सिद्धान्तांचे स्रोत म्हणून वाचली, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

५

याच्या दुसऱ्या टोकाचा एक मोह टाळला पाहिजे. ज्याचे दुःख त्यानेच बोलावे, इतरांनी मौन पाळावे, अशी भूमिका नम्र वाटते. पण तीत जबाबदारीतून सुटका करून घेण्याची सोयही असते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मधील प्रसिद्ध निबंधात फुको आणि देल्यूझ यांच्यावर जो आक्षेप घेतला तो हाच होता. दलित-पीडित स्वतः बोलू शकतात असे जाहीर करून बुद्धिवंत जेव्हा स्वतःला पारदर्शक करतो, तेव्हा आपले प्रतिनिधित्वाचे काम तो संपवत नाही, फक्त लपवतो.

शिवाय काही स्त्रिया बोलूच शकत नाहीत, कारण त्या नाहीत. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४ मध्ये सिद्ध झाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आले, या वस्तुस्थितीकडे त्याने देशाचे लक्ष वेधले. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगातील दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘नाहीशा’ असल्याचे मांडले. या स्त्रियांना कोणतेही कारक लाभत नाही. त्या वाक्यातच नाहीत. त्यांच्या वतीने आकडाच बोलू शकतो. आकडेवारी माणसाचे माणूसपण पुसते, असे सरसकट म्हणणाऱ्या साहित्यिक संवेदनशीलतेने येथे थांबून विचार करावयास हवा. ‘९७२ ते ९३०’ या दोन आकड्यांमधील अंतर ही एक शोकनोंद आहे आणि ती दुसऱ्या कोणत्याही भाषेत लिहिता आली नसती. म्हणून दुसऱ्याच्या वतीने बोलणे हे मुळातच अनैतिक, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनैतिकता सुरू होते ती उत्तर देऊ शकणाऱ्या माणसाविषयी, ते उत्तर देऊ शकत नाही असे समजून लिहिण्यात.

६

हा भेद एका प्रत्यक्ष वादातून स्पष्ट होतो. बांगलादेशातील स्त्रियांना दिल्या गेलेल्या लघुकर्जांविषयी अॅन मरी गोएत्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखवले, की मोठ्या प्रमाणावर या कर्जांचा विनियोग घरातील पुरुष करतात. स्त्रीच्या वाट्याला परतफेडीची जबाबदारी येते. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता आणि कर्जवाटपाच्या उत्साहाला त्याने आवश्यक तो आवर घातला. नायला कबीर यांनी २००१ मध्ये त्याच देशातील कर्जदार स्त्रियांकडे वेगळा प्रश्न नेला : या कर्जाने काय बदलले, हे तुम्ही कसे मोजता? पतीशी मिळून निर्णय घेता येणे, घरात काही आणणारी व्यक्ती म्हणून किंमत मिळणे, याला अनेक स्त्रियांनी महत्त्व दिले. कर्जावर स्त्रीचा एकटीचा ताबा नाही म्हणजे तिची फसगत झाली, असे मानणारा निकष स्त्रियांचा नव्हता, अभ्यासकांचा होता. याचा अर्थ पहिले संशोधन चुकीचे ठरले असा नाही. आणि वंचित माणूस अनेकदा थोडक्यात समाधान मानतो, हा सेन यांचा इशाराही विसरता येत नाही. तरीही अभ्यासकाचा निकष आणि स्त्रीचा निकष समोरासमोर आले, म्हणूनच हा वाद शक्य झाला.

येथे कारकविचाराच्या मर्यादेपर्यंत आपण येऊन पोहोचतो. स्त्रीला कर्ता करणे पुरेसे नाही. कारण कर्ताही अखेर दुसऱ्याने रचलेल्या वाक्यातच असतो. मराठी व्याकरणात संबोधन ही आठवी विभक्ती मानली जाते, पण तिला कारकांत स्थान नाही. संबोधिलेली व्यक्ती वाक्यातील क्रियेत गुंतलेली नसते. ती वाक्याच्या बाहेर, समोर उभी असते. वाक्य संपल्यावर बोलण्याची पाळी तिची असते. विद्वत्ग्रंथाची नैतिक कसोटी येथे सापडते. ज्या स्त्रीविषयी लिहिले आहे ती त्या लेखनाची संभाव्य वाचक म्हणून, प्रतिपक्ष म्हणून लेखकाच्या मनात उपस्थित होती काय?

ही कसोटी अव्यवहार्य आदर्श नाही, याला उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यातून आलेले ‘संगतिन यात्रा’ (२००४) हे पुस्तक साक्ष आहे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या सात कार्यकर्त्यांनी, रिचा सिंह आणि रिचा नागर यांच्या सोबतीने, आपापल्या रोजनिश्या लिहिल्या, एकमेकींना वाचून दाखवल्या, त्यांवर वाद घातले आणि त्यातून हे हिंदी पुस्तक सिद्ध झाले. जात, धर्म, दारिद्र्य यांच्याबरोबरच स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांतील श्रेणीबद्धताही त्यांनी तपासली : गावातील कार्यकर्तीचे ज्ञान आणि कार्यालयातील अधिकारीवर्गाचे ज्ञान यांना मिळणारा वेगवेगळा भाव. साहजिकच पुस्तकाला संस्थात्मक विरोध सहन करावा लागला. ‘प्लेइंग विथ फायर’ ही त्याची इंग्रजी आवृत्ती २००६ मध्ये निघाली. क्रम महत्त्वाचा आहे : आधी हिंदी, मग इंग्रजी. ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्यामध्ये हे लिहिले गेले, त्यांना प्रतिवाद करण्याची संधी पहिल्यांदा मिळाली. ‘आम्हीही इतिहास घडवला’चा क्रमही तोच; त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी आले.

सर्व ग्रंथ असे सामूहिक रीतीने लिहिले जाऊ शकत नाहीत, आणि जावेत असा आग्रहही धरता येणार नाही. जागतिक व्यापाराचा, जनगणनेचा, कायद्याचा अभ्यास एकांतात, इंग्रजीत, विशेषज्ञांसाठीच होणार. त्यातही दोन गोष्टी मात्र शक्य आहेत. ज्या स्त्रियांनी अभ्यासकाच्या निष्कर्षाशी असहमती दाखवली, त्यांची असहमती तळटीपेत न ढकलता युक्तिवादाच्या मुख्य प्रवाहात घेता येते. आणि ज्ञान जेथून गोळा केले तेथील भाषेत ते परत नेता येते. या दुसऱ्या बाबतीत मराठी विद्यापीठांचा वाटा उपेक्षणीय नाही, तसा तो पुरेसाही नाही. महाराष्ट्रातील खेड्यांविषयीचे कितीतरी संशोधन इंग्रजीत राहते आणि त्या खेड्यातील शिकलेली मुलगीही ते वाचू शकत नाही. भाषांतराकडे येथे ज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहण्याऐवजी देणे फेडण्याचा प्रकार म्हणून पाहिले पाहिजे.

‘ऋणनिर्देश’ हा शब्द ग्रंथव्यवहारात इतका रुळला आहे, की त्यातील ऋण कोणाला जाणवत नाही. परंतु ऋण मान्य केले की धनकोचा एक हक्कही मान्य करावा लागतो : दारात येऊन विचारण्याचा. सीतापूरच्या कार्यकर्त्यांनी तो हक्क बजावला, तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रश्नाचा रोख त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संस्थेकडेच होता. स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्या प्रत्येक ग्रंथाने आपल्या दारातही तोच प्रश्न येईल हे गृहीत धरून लिहावे, आणि तो आला तर त्याला कृतघ्नपणा समजू नये.